आम्ही पक्ष सोडलेलाच नाही!

जून २०२२ चा शेवटचा आठवडा. शिवसेनेत उद्धव ठाकरे यांच्याविरुद्ध एकनाथ शिंदे यांचं बंड पेटलं होतं. आमच्या तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स उघडा होता. शेजारी उभा असलेला कार्यकर्ता एका हाताने फोन कानाला लावून डिझाईन करणाऱ्या पोराला सूचना देत होता. "बाळासाहेब मधोमध राहू दे. दिघेसाहेब उजवीकडे. भाऊंचा फोटो खाली मोठा घे." पोराने विचारलं, "आणि वरच्या पट्टीत कोण कोण?" कार्यकर्त्याने तोच प्रश्न फोनवर विचारला. पलीकडून उत्तर यायला बराच वेळ लागला. मग तो म्हणाला, "पट्टी रिकामी ठेव. उद्या सांगतो म्हणाले."

पक्षाच्या नेतृत्वावरून स्फोट झाला की साधा आमदार नेमका कुठे उभा असतो, हे मला त्या रिकाम्या पट्टीत जितकं कळलं तितकं त्या आठवड्याच्या बातम्यांत कळलं नाही. बातम्यांत दोनच रंग होते, निष्ठा आणि गद्दारी. काही आठवड्यांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके'च्या घोषणा सुरू झाल्या आणि तिसरा रंग आला, पैशाचा. पण बंडात उतरलेला आमदार पहिल्या दिवसापासून ज्या माणसाशी सगळ्यात जास्त बोलतो, तो वकील असतो. माईकसमोर तो जे बोलतो त्यातलं बरंचसं वकिलाच्या चाळणीतून आलेलं असतं. 'मी नाराज आहे', 'आम्ही पक्ष सोडलेला नाही', 'साहेब आमचं दैवत आहेत', 'मूळ विचार आमच्याकडे आहे' ही वाक्यं रटाळ वाटतात, पण त्यातल्या प्रत्येकामागे घटनेतलं एखादं कलम उभं असतं. ते कलम माहीत असलं की तीच वाक्यं वेगळी ऐकू येतात.

आयाराम ते दहावी अनुसूची

१९६७ साली हरियाणातले आमदार गयालाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्दप्रयोग देशाला मिळाला. तेव्हा पक्ष बदलण्याला शिक्षाच नव्हती. १९७८ मध्ये शरद पवार वसंतदादांच्या सरकारमधून आमदार घेऊन बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांना 'आम्हीच खरी काँग्रेस' असं कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. बाहेर पडलो म्हणाले, विषय संपला.

१९८५ मध्ये बावन्नावी घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. तोच पक्षांतरबंदी कायदा. त्यात आमदारकी जाण्याची मुख्य कारणं दोन. एक, स्वतःहून पक्षाचं सदस्यत्व सोडणं. दोन, सभागृहात पक्षाच्या व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षादेशाविरुद्ध, मत देणं किंवा गैरहजर राहणं, आणि पंधरा दिवसांत पक्षाने ते माफ न करणं. निवाडा करायचा विधानसभेच्या अध्यक्षांनी.

पण त्या कायद्याला एक खिडकी ठेवली होती. विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर ती 'फूट' मानायची आणि कुणाला काही करायचं नाही. १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले ते याच खिडकीतून. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने ही खिडकी बंद केली. हेतू चांगला होता, घाऊक पक्षांतर थांबावं हा. झालं मात्र वेगळंच. तोवर बंडखोराला 'होय, आम्ही फुटलो' असं उघड म्हणता येत होतं. आता फूट हा शब्दच गुन्ह्याची कबुली झाला. म्हणून हल्ली आपल्याकडे पक्ष दुभंगतात, पण पक्ष सोडलेला माणूस शोधून सापडत नाही.

तीन दारं

नेतृत्वाशी बिनसलेल्या आमदाराला आज तीन वाटा आहेत.

पहिली, राजीनामा द्यायचा आणि दुसऱ्या चिन्हावर पोटनिवडणूक लढायची. मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशात ज्योतिरादित्य शिंदे यांच्या मागून काँग्रेसच्या २२ आमदारांनी हेच केलं. कर्नाटकात २०१९ मध्ये अनेकांनी ही वाट धरली. अध्यक्षांनी त्यांच्यासह १७ जणांना विधानसभेची मुदत संपेपर्यंत अपात्र ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढायला मोकळीक दिली. ही वाट सरळ आहे आणि म्हणूनच महाग आहे. पुन्हा मतदारासमोर जायचं, पुन्हा पैसा ओतायचा, आणि निवडून येऊ याची खात्री नाही.

दुसरी वाट विलीनीकरणाची. दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तर आमदारकी वाचते. ही वाट कशी दिसते ते पाहायला गोव्यात जावं. तिथली विधानसभा ४० जणांची, त्यामुळे दोन तृतीयांश म्हणजे एका मिनीबसमध्ये मावतील इतकी माणसं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश, एकही जास्त नाही. तोंड पोळलेल्या काँग्रेसने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ घ्यायला लावली. निवडून आले ११. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यातले ८ भाजपमध्ये गेले. शपथेचं काय, असं विचारल्यावर दिगंबर कामत यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण देवाला विचारलं आणि तुला योग्य वाटेल ते कर असं उत्तर मिळालं. कायद्याला तीन देवस्थानांशी देणंघेणं नव्हतं. ११ चे दोन तृतीयांश होतात ८, एवढंच त्याला पाहायचं होतं.

तिसरी वाट कायद्यात कुठेही लिहिलेली नाही. ती अशी: पक्ष सोडायचा नाही, पक्षच आपला आहे म्हणायचं. महाराष्ट्रातली दोन्ही मोठी बंडं या वाटेने गेली.

शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते. दोन तृतीयांश म्हणजे ३७. बंडखोर आमदार आधी सुरत आणि मग गुवाहाटीच्या हॉटेलांत होते, त्या दिवसांत प्रत्येक वाहिनीच्या पडद्यावर हा ३७ चा आकडा फिरत होता आणि एकनाथ शिंदे यांनी तो गाठलाही. पण गाठून वापरला नाही. कारण विलीन व्हायचं म्हणजे भाजपचे आमदार व्हायचं. धनुष्यबाण गेला, शाखा गेली, दसरा मेळावा गेला. मतदारसंघात ज्याला उभी हयात 'शिवसेनेचा' म्हणून ओळखतात, त्याने कमळ घेऊन गल्लीत काय तोंड दाखवायचं? म्हणजे दोन तृतीयांशाचा आकडा त्यांना कायद्यासाठी कमी आणि वातावरणासाठी जास्त लागत होता. एकटा आमदार बंड करतो तेव्हा त्याला अपात्रतेची नोटीस येते. सदतीस जण करतात तेव्हा चर्चा 'खरा पक्ष कोणता' याची सुरू होते.

आमदाराच्या तोंडी 'एकी' हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा हा असतो, आपण एकटे पडू नये. हॉटेल, बस, एकाच मजल्यावरच्या खोल्या हे सगळं त्यासाठी. त्या घोळक्यातून सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांचं 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' बाहेर आलं आणि महाराष्ट्र हसला. त्याच घोळक्यातून उस्मानाबादचे कैलास पाटील गुजरातच्या हद्दीजवळ वाटेतच उतरून, पावसात चालत आणि मिळेल त्या गाडीने मुंबईला परतल्याचं त्यांनी स्वतः सांगितलं. दोघांची परीक्षा एकच होती, घोळका सोडायची हिंमत आहे का.

'नाराज' हा शब्द इतका लाडका का?

स्वतःहून सदस्यत्व सोडणं म्हणजे काय? राजीनामा लिहून देणं, हे उघड आहे. पण १९९४ मध्ये रवी नाईक प्रकरणात, म्हणजे गोव्याच्याच एका भांडणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राजीनाम्याची गरज नाही, वागण्यावरूनही सदस्यत्व सोडलं असं मानता येतं. मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, दोन आमदारांना हे भोवलं. विरोधकांबरोबर राज्यपालांकडे जाणं हेही त्यांच्या विरोधात गेलं.

तेव्हापासून बंडखोर आमदाराला बोलताना कसरत करावी लागते. 'मला हा पक्ष नको' म्हटलं तर संपलं. 'पक्षाध्यक्ष चुकीचे आहेत' हेही धोक्याचं. मग उरतो 'नाराज'. नाराजी हा गुन्हा नाही. घरातला माणूसही नाराज असतो. त्यातून हेच सूचित होतं की मी अजून घरात आहे.

या नाराजीचा सगळ्यात वाचनीय नमुना म्हणजे औरंगाबाद पश्चिमचे आमदार संजय शिरसाट यांचं उद्धव ठाकरे यांना लिहिलेलं पत्र. 'ही आहे आमदारांची भावना' म्हणून शिंदे यांनी २३ जूनला ते ट्विटरवर टाकलं. पत्रात तक्रार होती ती दाराची. मुख्यमंत्र्यांच्या वर्षा बंगल्याचं दार आमदारांना बंद होतं, तिथे ताटकळत बसावं लागायचं, फोन उचलले जायचे नाहीत, आणि साहेबांभोवती 'बडवे' होते. पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. विठ्ठलाशी भांडण नाही, बडव्यांशी आहे. आता हेच वाक्य दहाव्या अनुसूचीच्या चष्म्यातून वाचा. दैवतावरची श्रद्धा शाबूत, सदस्यत्व शाबूत, आणि तरीही गुवाहाटीला. वकिलाने सुचवलं होतं की सहज सुचलं, देव जाणे, पण इतकं अचूक राजकीय मराठी क्वचित वाचायला मिळतं.

दुसरी तक्रार निधीची. अर्थखातं राष्ट्रवादीच्या अजित पवारांकडे होतं आणि शिवसेनेच्या आमदारांना निधी मिळत नाही, असं बंडातले बहुतेक जण सांगत होते. आमदाराच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हे. रस्ता, सभामंडप, पाण्याची टाकी, त्यावर त्याची पुढची निवडणूक उभी असते. आपला मुख्यमंत्री असून शेजारच्या राष्ट्रवादीच्या मतदारसंघात डांबर पडतंय आणि आपल्याकडे खड्डे, ही तक्रार खरी मानायला मला अडचण नाही. अडचण पुढच्या वर्षी आली. जुलै २०२३ मध्ये तेच अजित पवार शिंदे सरकारात आले आणि अर्थखातं पुन्हा त्यांच्याकडे गेलं. त्या वेळी निधीवरून कुणी गुवाहाटीचं तिकीट काढल्याचं ऐकिवात नाही.

व्हिप कुणाचा?

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. २१ जून २०२२ ला ठाकरे यांनी शिंदे यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरी यांना नेमलं. प्रतोद सुनील प्रभू होतेच. प्रतोद म्हणजे ज्याच्या सहीने व्हिप निघतो तो आमदार. त्यांनी बैठकीला या म्हणून आदेश काढला. पलीकडे शिंदे गटाने ठराव केला की गटनेते शिंदेच आणि प्रतोद भरत गोगावले. म्हणजे एका पक्षाचे दोन प्रतोद, दोन व्हिप.

४ जुलैला शिंदे यांच्या नव्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव आला आणि १६४ विरुद्ध ९९ असा मंजूर झाला. कळमनुरीचे संतोष बांगर काही दिवसांपूर्वी ठाकरेंच्या बाजूने भर सभेत रडले होते, ते त्या दिवशी शिंदे यांच्या बाजूला बसले. ५५ चे ४० आणि १५ झाले. प्रभूंचा व्हिप खरा धरला तर ४० जणांनी तो मोडला. गोगावलेंचा खरा धरला तर १५ जणांनी. दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध अपात्रतेच्या याचिका टाकल्या. शिंदे गटाने १४ जणांविरुद्ध टाकली, आदित्य ठाकरे यांना वगळलं, बाळासाहेबांच्या नावाचा मान म्हणून. इथेही तेच, दैवत शाबूत.

११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, आमदारांच्या गटाचा नव्हे. म्हणून गोगावले यांना मान्यता देण्याचा अध्यक्षांचा निर्णय बेकायदा. राज्यपालांनी त्याआधी ठाकरे सरकारची बहुमत चाचणी बोलावली तेही चूक. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, त्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही. आणि अपात्रतेचं काय ते अध्यक्षांनी रास्त वेळेत ठरवावं.

आता पाहा कसं फिरतं ते. व्हिप राजकीय पक्षाचा. बरं, मग राजकीय पक्ष कोणता? ते अध्यक्षांनी ठरवायचं. १० जानेवारी २०२४ ला राहुल नार्वेकर यांनी ठरवलं. पक्षाची २०१८ ची घटना निवडणूक आयोगाच्या नोंदीत नाही, म्हणून १९९९ ची ग्राह्य. पक्षप्रमुखांची इच्छा म्हणजेच पक्षाची इच्छा असं मानता येत नाही. नेतृत्वाच्या रचनेवरून निकाल लागत नाही, म्हणून विधिमंडळातलं बहुमत पाहायचं, आणि ते शिंदे यांच्याकडे. त्याआधी १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानेही नाव आणि धनुष्यबाण देताना शेवटी आमदार-खासदारांची डोकीच मोजली होती.

म्हणजे आमदारांनी पक्षाचं ऐकायचं, आणि पक्ष कोणता हे आमदारांच्या संख्येवरून ठरायचं. माझ्या मते गाडी रुतली आहे ती इथे. कायदा केला आमदाराला पक्षाला बांधून ठेवण्यासाठी, आणि दोरीचं दुसरं टोक पुन्हा आमदाराच्याच हातात आलं. शाखाप्रमुख, गटप्रमुख, रात्री पोस्टर चिकटवणारी पोरं यांची गणती कशी करायची याची पद्धत आपल्याकडे नाही. ठाकरे गटाने प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे दिल्लीला पाठवले, पण पक्षसंघटनेत बहुमत कुणाचं हे त्यावरून ठरवता येत नाही, असं आयोगाचं म्हणणं पडलं. आयोग ज्या कसोट्या लावतो, त्या १९६९ च्या काँग्रेस फुटीनंतरच्या, सादिक अली खटल्यातल्या: उद्दिष्टं, पक्षाची घटना आणि बहुमत. पक्षांची घटना बहुधा कपाटात असते आणि उद्दिष्टं दोन्हीकडे तीच असतात, त्यामुळे गाडी तिसऱ्या कसोटीवर येऊन थांबते.

पाया पडून एकीची विनंती

राष्ट्रवादीत हेच नाटक वर्षभराने झालं, पण तालीम झालेली असल्यामुळे सफाईदार. २ जुलै २०२३ ला अजित पवार आणि आठ जणांनी शपथ घेतली. शरद पवारांना नव्हे, अजित पवारांना अध्यक्ष नेमल्याचा ३० जूनच्या तारखेचा ठराव आयोगाकडे गेला. आणि मग १६ जुलैला हे सगळे मंत्री यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये शरद पवारांना भेटले, पाया पडले, आणि पक्ष एकसंध राहावा म्हणून मार्गदर्शन करा अशी विनंती केली. प्रफुल्ल पटेल यांनी बाहेर येऊन ती सांगितली.

टीव्हीवर कुणी याला पश्चात्ताप म्हणालं, कुणी नाटक. मला वाटतं त्यात थोडी खरी भावनाही असावी. पंचवीस वर्षांचा सहवास शपथविधीने पुसला जात नाही. पण कायद्याच्या बाजूने ती भेट चोख होती. ज्यांनी पक्ष सोडला ते पक्षाच्या एकीसाठी कशाला येतील? आलेत म्हणजे सोडलेला नाही. शरद पवारांनी आशीर्वाद दिला असता तर वादच मिटला असता. त्यांनी तो दिला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयोगाने घड्याळ अजित पवारांना दिलं, आणि विधानसभा अध्यक्षांनी इथेही दोन्ही गटांपैकी कुणाला अपात्र ठरवलं नाही.

शिवसेनेतही कुणी अपात्र झालं नव्हतं. ठाकरेंच्या १४ जणांची आमदारकी वाचली, कारण त्यांना व्हिप नीट पोहोचल्याचं सिद्ध झालं नाही. दोन्ही पक्षांत मिळून शंभराहून जास्त आमदार, चार गट, राष्ट्रवादीत पक्षाध्यक्ष म्हणवणारे दोन, चार प्रतोद, आणि पक्ष सोडलेला एकही नाही.

विधानसभा अध्यक्षांच्या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, पण नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक त्याआधीच उरकली. शिंदे यांचे ५७ निवडून आले, ठाकरे यांचे २०. जून २०२२ मध्ये तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी ज्या १६ आमदारांना अपात्रतेची नोटीस काढली होती, त्यांत एकनाथ शिंदे यांचंही नाव होतं. नोटिशीला उत्तर देण्याची पहिली मुदत होती २७ जून, संध्याकाळी साडेपाच. न्यायालयाने ती १२ जुलैपर्यंत वाढवली. १२ जुलै उजाडला तेव्हा शिंदे यांना मुख्यमंत्री होऊन बारा दिवस झाले होते.